नळाजवळची कामिनी

माझ्या थोरल्या जाऊबाईंना राग आला की त्या भांडत नाहीत. भांडणाचं खातं माझ्याकडे आहे. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हाच ही वाटणी होऊन गेली. त्यांनी गप्प बसायचं आणि मी दोघींच्या वाटचं बोलायचं. राग आला की त्या काम काढतात. माझे थोरले दीर म्हणतात, "हिचा राग किती आहे ते अंगण बघून ओळखावं. नुसतं झाडलेलं असेल तर घाबरायचं कारण नाही. पण धुतलेलं असेल, आणि फरशीच्या फटींतलं गवतसुद्धा उपटलेलं असेल, तर मी आपला दारातूनच परत फिरतो."

अशा बाईने सूड घेतला म्हटलं तर कुणाला पटत नाही. पण घेतला. आणि त्यांना मी चढवलं. यातलं काहीही मी लपवणार नाही, कारण ज्याच्यावर घेतला त्या माणसाला मी अजूनही माफ केलेलं नाही.

आम्ही दोघी एकाच कारखान्यात होतो. बटणांचा कारखाना. मी निवड खात्यात. सरकत्या पट्ट्यावरून बटणं येतात, त्यांतली तडा गेलेली, भोक चुकलेली, रंग फसलेली वेचून बाजूला टाकायची. वर्षानुवर्षं हेच केलं की माणसांतली खोटही चटकन दिसायला लागते. जाऊबाई बागेवर. त्या कामाला लागल्या तेव्हा कार्यालयाच्या इमारतीपुढे नुसते दगडगोटे होते. त्यांनी फाटकापासून नळापर्यंत एका रांगेत कामिनीची एक्केचाळीस रोपं लावली. रोपं कसली, बोटाएवढ्या काड्या. पहिल्या वर्षी तीन मेली, ती बदलली. मग सव्वीस वर्षं ते कुंपण त्यांच्या हाताखाली वाढलं. वाढलं म्हणजे त्यांनी वाढू दिलं नाही. कमरेच्या वर पान जाऊ द्यायच्या नाहीत. वरून छाटत राहिलं की झाडाचा सगळा जोर खोडात उतरतो. उभ्याने बघणाऱ्याला तो नुसता हिरवा कठडा दिसायचा, पण वाकून पाहिलं तर खाली पोटरीएवढी, पिळवटलेली, गाठाळ खोडं.

छाटताना दोन खुंट्यांना सुतळी ताणून बांधायच्या आणि डाव्या हाताने कात्री चालवायच्या. कळ्या दिसल्या की कात्री बंद. एकदा एका साहेबाने हटकलं होतं, "कुंपण वाढलंय की हो, बाई." त्या म्हणाल्या, "फुलायचंय अजून." एवढंच. साहेब पुढे गेले. कामिनी फुलली की वास आमच्या खात्यापर्यंत यायचा, रंगाच्या रसायनांचा दर्प मागे पडायचा, आणि तेवढे दिवस कुणी डोकं दुखतं म्हणून रजा मागायचं नाही.

एक्केचाळिसांतलं शेवटचं झाड नळाजवळचं. त्याच्या आतल्या बाजूच्या एका फांदीचा वीतभर खुंट त्यांनी मुद्दाम राखला होता, पिशवी अडकवायला. सकाळी आल्या की पिशवी तिथे, संध्याकाळी तिथूनच उचलायची. पिशवीच्या बंदाने घासून तो खुंट अगदी गुळगुळीत झाला होता. बाकीच्या चाळीस झाडांना त्या 'झाडं' म्हणत, याला 'आमचं नळाजवळचं'.

मग आला फूटपट्टी. खरं नाव सगळ्यांना ठाऊक होतं, पण पाठीमागे कुणी घेत नसे. नवा व्यवस्थापक. खिशात कायम मोजपट्टी, स्टीलची, खटका दाबला की सर्रकन आत जाणारी. जेवायच्या सुट्टीत आम्ही बसायचो त्या बाकांवर माणशी किती इंच जागा येते, तेही त्याने मोजून पाहिलं होतं. स्वतःच्या खोलीत खिडकीशी बोन्सायच्या चार-पाच कुंड्या होत्या; तारा गुंडाळलेली रोडकी झाडं. त्यांच्याकडे मात्र तो मोजपट्टी खिशात ठेवून बघत बसायचा.

त्याच्या पहिल्याच वर्षी बागेच्या पाइपांच्या सहा पितळी तोट्या हरवल्या. त्याने चौकशी केली नाही, तर्क लढवला. तोट्या बागेच्या, बाग माळीणबाईंची, तेव्हा पिशवी तपासायची ती माळीणबाईंची. संध्याकाळी, पाळी सुटताना, फाटकावर.

रांगेत मी त्यांच्यामागे चौथी होते. वॉचमनने त्यांची पिशवी टेबलावर पालथी केली. डबा पडला, चष्मा पडला, कात्री पुसायचं तेलकट फडकं पडलं. आणि प्लास्टिकच्या पिशवीत नीट घडी करून ठेवलेले आतले कपडे. धाकट्या लेकीच्या बाळंतपणापासून जाऊबाईंना लघवी आवरायची नाही, आणि बायकांचं स्वच्छतागृह बागेपासून अख्खा कारखाना ओलांडून. म्हणून बदलायचा एक जोड त्या जवळ ठेवत. आमच्या घरातल्या पुरुषांनासुद्धा हे माहीत नव्हतं. त्या संध्याकाळी दीडशे माणसांना कळलं. वॉचमनने ती घडी काठीच्या टोकाने उलगडली, आत तोट्या आहेत का ते बघायला. मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. फूटपट्टी वर गॅलरीत उभा राहून बघत होता.

आणि मी, एरवी शेजारणीच्या मांजरालाही ऐकवून येणारी, मूग गिळून उभी राहिले. माझीही पिशवी उघडतील म्हणून नाही. मला लाज वाटली. त्यांच्या कपड्यांची मला लाज वाटली. आज हे सांगतानाही माझ्या अंगाचा तिळपापड होतो, आणि त्यातला थोडा राग माझ्यावरच आहे.

जाऊबाईंनी एकेक वस्तू परत भरली. कपड्यांची घडी पुन्हा घातली. "जाऊ का?" असं वॉचमनला विचारलं आणि चालू लागल्या. घरी आल्या आणि अंगण धुवायला घेतलं. दीर त्या दिवशी बराच वेळ कोपऱ्यावरच्या दुकानात बसून होते.

मला वाटलं होतं, त्या नोकरी सोडतील. सोडली नाही. दुसऱ्या दिवशी तीच पिशवी, तेच कपडे, तोच खुंट. फरक एवढाच पडला की त्यानंतर त्यांनी फूटपट्टीच्या तोंडाकडे बघून एकही शब्द उच्चारला नाही. काही विचारलं तर झाडाकडे बघून उत्तर द्यायच्या.

दीड वर्षाने त्याने त्यांना खोलीत बोलावलं. गाड्या उभ्या करायला जागा हवी होती, म्हणून कुंपण काढायचं होतं. कुंपण नाही तर माळ्याची जागाही नाही. निवृत्तीला चार वर्षं बाकी होती, तरी त्यांनी आता थांबावं. दोन-सव्वादोन महिने हातात आहेत, तेवढ्यात एक काम तेवढं करून द्यावं.

काम काय, तर साहेबाने कधीतरी वाकून ती खोडं पाहिली होती. पाहिली ती पाहिली, आणि भुलला. दुसऱ्या दिवशी इस्त्रीच्या विजारीनिशी मातीत गुडघे टेकून त्याने एक्केचाळीसही खोडांचा घेर मोजला, आणि त्यांतल्या आठांना लाल फीत बांधली. मग जाऊबाईंना तिथेच, नळाजवळ बोलावलं. "बाई, अशी खोडं शोधून सापडत नाहीत. शंभर-शंभर वर्षांची वाटतात."

"सव्वीस," जाऊबाई नळाकडे बघत म्हणाल्या.

"ही आठ माझ्यासाठी खणून काढा. तुमच्याशिवाय कुणाला जमणार नाही. बाकीची मशीन उपटेल."

तेव्हा जाऊबाईंनी, ज्यांनी त्या कारखान्यात कधी जास्तीचा खराटासुद्धा मागितला नव्हता, तोंड उघडलं. "नळाजवळचं मला द्याल का? एकच."

त्याने फितीकडे पाहिलं. "ते तर सगळ्यात सरस आहे, बाई. घेर चौदा इंच."

"मग उरलेल्यांतलं कुठलंही. तशीही टाकूनच देणार आहात."

"कंपनीची मालमत्ता आहे. आज तुम्हाला दिलं तर उद्या सगळे मागतील. आणि फाटकावरून काही बाहेर न्यायचं म्हणजे... तुम्हाला माहीतच आहे."

दिरांचं म्हणणं, त्याला टोमणा मारायचा नव्हता, नियम सांगायचा होता. असेल. पण 'तुम्हाला माहीतच आहे' हे शब्द त्या बाईला ऐकवायचे, आणि तेही त्या झाडापाशी उभं राहून? मला जाऊबाईंनी हे सांगितलं तेव्हा आम्ही दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होतो. माझ्या तोंडात दोन चिमटे होते. ते थुंकून मी त्या माणसाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. जाऊबाईंनी तो पुरा होऊ दिला.

मग म्हणाल्या, "जून खोड असतं ना, त्याच्या पोटात साठा असतो. मुळं नसली तरी त्याच्यावर पालवी फुटते. बघणाऱ्याला वाटतं, जगलं."

"आणि मग?"

"दोन-अडीच महिन्यांत साठा संपतो."

मला समजायला जरा वेळ लागला. "म्हणजे खणतानाच बारीक मुळं काढून टाकली..."

"मी आपलं झाडाचं सांगितलं."

"जाऊबाई, आठही. एक ठेवू नका."

"नळाजवळचं?"

"ते तर आधी! तुम्हाला दिलं नाही ना? मग त्याच्या खिडकीत कशाला फुलायला हवं? त्याने वास घ्यायचा आणि तुम्ही घरी बसून हात चोळायचे?"

त्यांनी चादरीची दोन टोकं माझ्या हातात दिली. आम्ही ती ताणली, घडी केली. 

थंडी ओसरत आली होती, नवी पालवी अजून फुटायची होती. खणायला हीच वेळ योग्य, म्हणजे झाड जगवायचं असेल तर. जाऊबाईंनी रोज एक या बेताने काम काढलं. वरचा सगळा पसारा कापून खोड दीड हात ठेवायचं. भोवती चर खणायचा. जाड मुळं करवतीने कापायची, मग पहार घालून, दोन हमाल लावून खोड उचलायचं. इथवर सगळं रीतीप्रमाणे. पुढची रीत अशी, की खोडालगतची केसांसारखी मुळं जिवापाड जपायची, कारण पाणी पितात ती हीच. जाऊबाई कार्यालयाकडे पाठ करून बसायच्या आणि सुरीने नेमकी तीच साफ करायच्या. जाड मुळांचे सोटे तेवढे राहायचे. मग खोड जेवायची सुट्टी संपेपर्यंत उन्हात उघडं. मग सोट्यांभोवती चिखलाचा छान गोळा, त्यावर ओलं पोतं, वर सुतळी. पाहणाऱ्याने म्हणावं, काय काळजी घेतात बाई!

फूटपट्टी दुसऱ्याच दिवशी बघायला आला. "पुस्तकात म्हटलंय, लावण्याआधी मुळं तपासावीत."

"गोळा फुटला तर झाड जातं," जाऊबाई पोत्याला सांगितल्यासारखं म्हणाल्या. "वर्षभर हात लावू नये."

आणि यात एक अक्षर खोटं नव्हतं. कुठलाही माळी हेच सांगेल. म्हणून तर त्याचा विश्वास बसला. सगळ्या पुस्तकांच्या वर त्याने त्यांचा शब्द ठेवला, आणि मी जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन तिथे उभी राहून मनातल्या मनात म्हणत होते, ठेव, अजून ठेव.

नळाजवळचं त्यांनी शेवटी काढलं. तो आठवा दिवस. नळाची गळती सव्वीस वर्षं त्याच्या मुळाशी मुरली होती. खोड वर आलं तेव्हा खाली पांढऱ्या मुळांचा नुसता गुंता, पिंजलेल्या कापसासारखा. हमालसुद्धा "अरे वा" म्हणाले. ते गेल्यावर जाऊबाईंनी ते मांडीवर घेतलं.

"असली मुळं मी कधी पाहिली नाहीत," त्या म्हणाल्या. "हे नक्की जगलं असतं."

"सुट्टी संपत आली," मी म्हणाले. "कापा."

त्यांनी कापली. इतरांना लागला त्याच्या दुप्पट वेळ लागला, कारण होतीच तेवढी. पांढऱ्या मुळांचा ढीग त्यांच्या पायाशी पडला. मला तेव्हा आनंद झाला होता. खोटं कशाला बोलू? गच्च पोट भरल्यावर होतो तसा आनंद.

उरलेली तेहतीस झाडं मशीनने एका सकाळीत उपटली. त्याच आठवड्यात वर खडी पडली, डांबर पडलं.

आठ कुंड्या कार्यालयाच्या गच्चीवर सावलीत मांडल्या. चौथ्या आठवड्यात पालवी फुटली. फूटपट्टीला आभाळ ठेंगणं झालं. रोज सकाळी जाऊन कोंब मोजायचा आणि कुंडीवर चिठ्ठी चिकटवायचा. बाहेरून आलेल्या पाहुण्यांना आधी गच्चीवर न्यायचा. "आमच्या माळीणबाईंच्या हाताला गुण आहे," असं सांगायचा. जाऊबाई शेजारी पाण्याचा डबा घेऊन उभ्या. शेवटचा दिवस येईपर्यंत ती झाडं सांभाळायचं काम त्यांचंच होतं, आणि त्या ते मन लावून करत. प्रत्येकाला मापाने पाणी, पानांवर बारीक शिडकावा, पिवळं पडलेलं पान चिमटीने काढणं.

"कसं जमतं हो तुम्हाला?" मी विचारलं.

"पाणी घालायचंय. त्यात न जमायला काय झालं?"

मी काही ना काही निमित्त काढून गच्चीवर जायचे. आठ कुंड्या, आठ हिरवे तुरे. पानं फुटली होती पण मोठी होत नव्हती, कोंब चार बोटांवर अडले होते. तेवढ्याशा हिरवाईकडे बघून सुखावणाऱ्या, खालचं ठाऊक असलेल्या आम्ही दोघीच. जाऊबाईंच्या नोकरीच्या शेवटच्या महिन्यात माझ्या हातून एकही खोटं बटण सुटलं नाही, इतका माझा जीव ताजातवाना होता.

त्यांच्या शेवटच्या आठवड्यात भांडारखोली रंगवायला काढली. जुनं कपाट सरकवलं, तर मागे कागदात गुंडाळलेल्या सहा पितळी तोट्या. वरती 'दुरुस्तीसाठी' असं लिहिलेलं, आधीच्या भांडारवाल्याच्या अक्षरात. तो बाजूला ठेवून विसरला आणि निवृत्त होऊन गेला होता. नव्या भांडारवाल्याने त्या नेऊन साहेबाच्या टेबलावर ठेवल्या. जेवताना ही बातमी ऐकून मी हसले. म्हटलं, बरं झालं, आता त्याची चूक त्यालाच टोचत राहील.

निरोपाचा कार्यक्रम जेवणाच्या दालनात झाला. खुर्च्या, चहा, भिंतीवरचं घड्याळ भेट देणार अशी कुजबुज. फूटपट्टी बोलायला उभा राहिला. हात रिकामे, मोजपट्टी नाही.

"दीड-पावणेदोन वर्षांपूर्वी फाटकावर माळीणबाईंची पिशवी उघडली गेली," तो म्हणाला. "वॉचमनने हुकूम पाळला. हुकूम माझा होता. मी वर उभा राहून बघत होतो, आणि मी ते थांबवलं नाही. हरवलेल्या तोट्या आता सापडल्या आहेत. पण सापडल्या नसत्या तरी मी केलं ते वाईटच होतं. सगळ्यांच्या समोर केलं, म्हणून सगळ्यांच्या समोर माफी मागतो. बाई, माझं चुकलं."

 दोन हमाल कुंडी घेऊन आत आले. नळाजवळचं. लाल फीत तशीच होती.

"हे तुम्ही मागितलं होतं. मी नाही म्हणालो. मागितलं तेच द्यायला हवं होतं. फाटकापर्यंत मी स्वतः घेऊन येतो."

टाळ्या पडल्या. माझ्या खात्यातल्या बायका डोळे पुसत होत्या. मीही टाळ्या वाजवल्या, न वाजवून सांगते कुणाला. जाऊबाईंनी त्या दिवशी पहिल्यांदा त्याच्या तोंडाकडे पाहिलं.  लोकांना वाटलं, बाईंना भरून आलं.

त्याने खरंच कुंडी स्वतः उचलली. फाटकावर वॉचमन उठून उभा राहिला आणि बाजूला झाला.

घरी आल्याबरोबर जाऊबाईंनी गोळा फोडला. सोटे काळे पडले होते. तरी त्यांनी सोडलं नाही. सोट्यांची टोकं ताजी कापली, जाड वाळूत लावलं, निम्मी पानं उतरवली, वरून प्लास्टिकचं छत घातलं, दिवसातून चारदा शिडकावा. दीर कौतुकाने बघायचे. "शेवटी मिळालं हो हिला हिचं झाड," असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. त्यांना आम्ही काहीच बोललो नव्हतो. तिसऱ्या आठवड्यात पानांच्या कडा वळल्या. मग जाऊबाई नखाने साल खरवडून बघायला लागल्या. सालीखाली हिरवं दिसलं तर जीव आहे, तपकिरी दिसलं तर नाही. रोज सकाळी एक जागा.

"मरू दे," मी एकदा म्हणाले. "त्याचीही सात मेलीच असतील की. मी तुम्हाला म्हटलं होतं तेच बरोबर होतं."

"तू म्हटलंस म्हणून मी केलं नाही," जाऊबाई म्हणाल्या. "मला करायचंच होतं. उगाच तुझ्याकडे घेऊ नकोस."

महिन्याभराने, सुट्टीच्या दिवशी सकाळी फूटपट्टी आमच्या दारात. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली वाळकी फांदी आणि एक वही. दिरांनी खुर्ची दिली. तो खुर्चीच्या काठावर टेकला.

"सातही गेली, बाई," तो म्हणाला. "तुम्ही असेपर्यंत चांगली होती. तुम्ही गेलात आणि माझं पाणी चुकलं. किती घातलं, केव्हा घातलं, सगळं लिहून ठेवलंय. बघून सांगाल का, कुठे जास्त झालं?"

मी स्वयंपाकघराच्या दारातून लगेच म्हणाले, "ऊन फार आहे हो यंदा. उन्हाने होतं असं." सुटका अशी आयती चालून आली होती. एक 'हो' म्हटलं असतं तर मिटलं असतं.

जाऊबाईंनी वही घेतली. पानं उलटून शेवटपर्यंत पाहिली. "पाणी बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "मी मुळं कापली होती. आठही झाडांची. खणतानाच."

दीर वाचत होते ते वर्तमानपत्र त्यांनी खाली ठेवलं.

"का?" त्याने विचारलं.

"पिशवीसाठी."

 मग त्याची नजर प्लास्टिकच्या छताखालच्या कुंडीकडे गेली. "हेही?"

"हेही. हे सगळ्यांत शेवटी."

"मी माफी मागितली तेव्हा तरी सांगायचं होतंत."

"तेव्हा ती मेलेलीच होती. फक्त तुम्हाला हिरवी दिसत होती."

"मला कधीच कळलं नसतं," तो म्हणाला. "मी तर वहीत माझीच चूक लिहून ठेवली आहे."

"म्हणून तर सांगितलं. तुम्हाला कळायचंच नव्हतं, तर मी त्यांना मारलं कशाला?"

त्याने आरडाओरडा केला असता तर मला बरं वाटलं असतं. माझी तयारी होती. पण तो उठला, वही घेतली, फांदी तिथेच राहिली. आमच्या अंगणाच्या फाटकाशी थांबून म्हणाला, "त्या दिवशी मी मनापासून बोललो होतो."

"माहीत आहे," जाऊबाई म्हणाल्या. "त्या क्षणी माझ्या मनातला तुमचा राग गेला होता. तो राहिला असता तर बरं झालं असतं. मग हे झाड मला आनंदाने मरू देता आलं असतं."

तो गेला. दीर काही न विचारता आत गेले. जाऊबाई पायरीवर कुंडीशी बसल्या, प्लास्टिक बाजूला केलं. झाड घरी आल्यापासून मी पहिल्यांदाच ते खोड जवळून पाहिलं. वरपासून खालपर्यंत नखाच्या खुणा. एकाशेजारी एक, बोटभर अंतरही नाही, आणि झाडून सगळ्या तपकिरी. अगदी त्या गुळगुळीत खुंटावरसुद्धा.

"खरवडायला आता जागा नाही राहिली," त्या म्हणाल्या. "उद्यापासून काय बघू?"

 त्यांनी बादलीतून डबा भरला आणि रोजच्या मापाने त्याला पाणी घातलं.